सूक्ष्मजीवांचे वाण घडवताना

पेनिसिलिनची गोष्ट आपल्याकडे शाळेपासून सांगितली जाते, पण ती अर्ध्यावर थांबते. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या प्लेटवर बुरशी पडली, तिच्या भोवतीचे जिवाणू नाहीसे झाले आणि प्रतिजैविकांचं युग सुरू झालं, असं आपण वाचतो. प्रत्यक्षात त्या बुरशीच्या एक मिलिलिटर द्रावात जेमतेम दोन युनिट पेनिसिलिन असे. एक युनिट म्हणजे ०.६ मायक्रोग्रॅम. म्हणजे लिटरभर द्रावातून हाती येणार सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास, तेही शुद्धीकरणात काही वाया गेलं नाही तर. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डच्या गटाने हे औषध एका पोलीस शिपायाला टोचलं. चेहऱ्यावर आणि डोक्यात पसरलेला त्याचा संसर्ग हटू लागला, ताप उतरला, आणि साठा संपला. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच देण्यात आलं. तेही पुरलं नाही. मार्चमध्ये तो दगावला. औषधाचा गुण येत होता, पण बुरशी ते पुरेसं देत नव्हती.

बुरशी पुरेसं देऊ लागली ती कशी, ही उरलेली अर्धी गोष्ट. तीच या पुस्तकाचा विषय आहे.

१९४१ च्याच जुलैमध्ये ऑक्सफर्डच्या त्या गटातले हॉवर्ड फ्लोरी आणि नॉर्मन हीटली अमेरिकेला गेले. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया इथे शेतमालाच्या औद्योगिक वापरावर काम करणारी सरकारी प्रयोगशाळा होती. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारं पाणी, ज्याला कारखान्यात कॉर्न स्टीप लिकर म्हणतात, ते अँड्र्यू मॉयर यांनी बुरशीच्या खाद्यात घातलं आणि उत्पादन एकदम वाढलं. पृष्ठभागावर साय धरावी तशी बुरशी वाढवण्याऐवजी ती ढवळत्या टाकीत, द्रावाच्या आत वाढवणं सुरू झालं. पण फ्लेमिंग यांचं वाण टाकीत नीट काम करेना. मग निरनिराळ्या ठिकाणची माती आणि बुरसटलेली फळं तपासायला सुरुवात झाली. १९४३ मध्ये पिओरियाच्याच बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर जी बुरशी सापडली, तिला एनआरआरएल १९५१ असा क्रमांक मिळाला. हा आकडा सालाचा नाही, त्या प्रयोगशाळेच्या संग्रहातला नोंदणी क्रमांक आहे.

या खरबुजाच्या बुरशीच्या वंशातून निघालेल्या बी-२५ या वाणाने मिलिलिटरला सुमारे २५० युनिट दिले. ते कुणी घडवलेलं नव्हतं, आपोआप बदललेलं होतं आणि कुणाच्या तरी नजरेने हेरलेलं होतं. कोल्ड स्प्रिंग हार्बरला मिलिस्लाव डेमेरेक यांनी त्याच्या बीजाणूंवर क्ष-किरण सोडले. त्यातून निवडलेल्या एक्स-१६१२ ने सुमारे ५०० युनिट दिले. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यावर अतिनील किरणांचा मारा झाला आणि क्यू-१७६ हाती आलं, सुमारे ९०० युनिट देणारं. हे वाण पिवळं रंगद्रव्य सोडायचं, त्यामुळे औषध शुद्ध करताना त्रास व्हायचा. पुन्हा उत्परिवर्तन, पुन्हा निवड, आणि रंग न सोडणारं वाण मिळालं. पुढे जगभरच्या कारखान्यांनी हेच चक्र चालू ठेवलं. आज उत्तम औद्योगिक वाणं लिटरमागे ५० ग्रॅमच्या घरात पेनिसिलिन देतात. खाद्य सुधारलं, टाक्या सुधारल्या, हवा देण्याच्या पद्धती सुधारल्या, त्या सगळ्यांचा यात वाटा आहे. पण मुळात जीवच बदलला नसता तर यातलं काही फळाला आलं नसतं.

डीएनएची दुहेरी सर्पिल रचना कळली ती १९५३ मध्ये. याचा अर्थ क्यू-१७६ घडवणाऱ्यांना आपण नेमकं काय बदलतो आहोत हे माहीत नव्हतं. पदव्युत्तर वर्गाला हा विषय शिकवताना मी या वाक्यापाशी दर वर्षी थांबते. विद्यार्थ्यांना ते खटकतं, आणि खटकायलाच हवं. जनुक म्हणजे रासायनिक दृष्ट्या काय, हेही निश्चित नसताना जनुकीय सुधारणा झाली कशी? निवडीमुळे झाली. बदल घडवणं हे यातलं सोपं काम आहे. लाखो बदललेल्या पेशींतून हवी ती एक ओळखणं हे अवघड काम आहे. या संपूर्ण क्षेत्रात, अगदी आजच्या अत्याधुनिक प्रयोगशाळेतही, खरी विद्या निवडीची आहे, असं माझं ठाम मत आहे.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते एकदा जवळून पाहू. बुरशीचे किंवा स्ट्रेप्टोमायसीस या जिवाणूचे बीजाणू खाऱ्या निर्जंतुक पाण्यात घेऊन काचेच्या पेट्री डिशमध्ये ओततात. झाकण काढावं लागतं, कारण अतिनील किरण काचेतून पार होत नाहीत. दिव्यापासून ठरावीक अंतरावर डिश ठेवून ती हळूहळू हलवत राहतात, म्हणजे खालचे बीजाणू वरच्यांच्या सावलीत दडून राहत नाहीत. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने थोडा द्राव काढून, विरळ करून प्लेटवर पसरायचा. हे सगळं तांबड्या उजेडात, आणि पसरलेल्या प्लेट अंधारात वाढवायच्या. अतिनील किरणांनी डीएनएमधले शेजारशेजारचे दोन थायमीन एकमेकांना चिकटतात. पण पेशीकडे एक विकर असतं, जे दृश्य प्रकाशाच्या ऊर्जेवर ही जोडी पुन्हा सोडवतं. १९४९ मध्ये अल्बर्ट केल्नर यांनी स्ट्रेप्टोमायसीसच्या बीजाणूंवर काम करताना हे शोधलं. दिवा बंद झाल्यावर कुणी खोलीतली ट्यूब लावली तर केलेली मेहनत पेशी स्वतःच पुसून टाकते.

दोन-तीन दिवसांनी प्लेट मांडून बसायचं. पहिलीवर वसाहतींची दाटी, पुढे ती विरळ होत जाते, शेवटच्या प्लेटवर पाच-सहा वसाहती, कधी एकही नाही. या मोजणीतून मृत्यूचा आलेख निघतो. किती मारा करायचा हे त्यावरून ठरवतात: बहुतेक पेशी मराव्यात, शेकड्यात एखादी किंवा काही मोजक्या उराव्यात. उरलेल्यांतही बहुतेकींचं नुकसानच झालेलं असतं. निसर्गात एखादं जनुक आपसूक बदलण्याचं प्रमाण दहा लाख ते एक कोटी पेशींमागे एक असं काहीतरी असतं. माऱ्याने ते शेकडो पटींनी वाढतं, पण बदल कुठे होणार हे आपल्या हातात नसतं.

इथून पुढे निवड. प्रत्येक वसाहतीखालचा अगारचा छोटा गोल तुकडा काढून तो बॅसिलससारख्या जिवाणूच्या प्लेटवर ठेवतात. प्रतिजैविक झिरपतं आणि तुकड्याभोवती स्वच्छ वलय उमटतं. नवशिक्याला वाटतं, सर्वांत मोठं वलय म्हणजे सर्वांत चांगलं वाण. पण वसाहतच थोराड असेल तर वलयही मोठं दिसतं, म्हणून वलयाचं वसाहतीशी प्रमाण पाहायचं. त्यातून निवडलेले मग शेकरवरच्या फ्लास्कमध्ये जातात, आणि प्लेटवर गाजलेले बरेचसे तिथेच गळतात. फ्लास्कमध्ये टिकलेला फर्मेंटरमध्ये फेसाळतो किंवा त्याला प्राणवायू पुरत नाही. शिवाय एका फेरीत मिळणारी सुधारणा अनेकदा पाच-दहा टक्क्यांचीच असते, आणि आपल्या मोजणीतली चूकही तेवढीच असू शकते. खरा फायदा आणि चुकून आलेला आकडा यांत फरक करायला एकाच वाणाचे अनेक फ्लास्क लावावे लागतात आणि मूळ वाण प्रत्येक वेळी सोबत चालवावं लागतं. आमच्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र आणि वाणसुधारणा हे विषय वेगवेगळ्या सत्रांत शिकवले जातात, याचं मला वाईट वाटतं.

डोळ्यांनी एकेक वसाहत पाहण्यापेक्षा चतुर मार्ग म्हणजे निवड प्लेटलाच करू देणं. याचं माझं आवडतं उदाहरण लायसिनचं आहे. लायसिन हे अमिनो आम्ल कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यात टनावारी लागतं. जपानमध्ये क्योवा हाक्को कंपनीच्या शुकुओ किनोशिता आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात कोरीनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम हा जिवाणू शोधला. हा मुळात ग्लुटामिक आम्ल भरभरून बाहेर टाकतो, पण लायसिन मात्र गरजेपुरतंच बनवतो. पेशीत लायसिन आणि थ्रिओनिन ही दोन अमिनो आम्लं साठली की ती लायसिन बनवण्याच्या मार्गाच्या सुरुवातीच्याच विकराला जाऊन बसतात आणि त्याला थांबवतात. हा लगाम सोडवायचा कसा? लायसिनसारखं दिसणारं, पण प्रथिनात घातल्यावर पेशीला जगू न देणारं एक रसायन आहे. ते प्लेटमध्ये मिसळलं तर सामान्य पेशीचा घात होतो: तेही त्या विकराला लायसिनसारखंच थांबवतं, खरं लायसिन बनत नाही, आणि खोटं लायसिन प्रथिनात शिरतं. ज्या पेशीचं विकर उत्परिवर्तनाने असं बदललंय की त्याला हा लगाम लागूच होत नाही, ती मात्र भरपूर खरं लायसिन बनवते आणि खोट्यावर मात करून जगते. अब्जावधी पेशी पसराव्यात, आणि सकाळी प्लेटवर ज्या मोजक्या वसाहती दिसतील त्याच तपासाव्यात. बदल आंधळाच राहिला, पण चाळणी डोळस झाली. सूक्ष्मजीवशास्त्रातली इतकी देखणी युक्ती मला दुसरी माहीत नाही.

उत्परिवर्तनाची मर्यादाही स्पष्ट आहे. जे जनुक पेशीत नाहीच, ते कितीही मारा केला तरी येणार नाही. कोलाय जिवाणूवर शंभर वर्षं अतिनील किरण सोडले तरी तो माणसाचं इन्सुलिन बनवणार नाही. त्यासाठी दुसरी वाट लागली. १९७३ मध्ये स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी डीएनए ठरावीक जागी कापून प्लास्मिडमध्ये, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या वर्तुळात, जोडला आणि जिवाणूत वाढवला. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिनच्या २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या कोलायमध्ये वेगवेगळ्या बनवून जोडण्यात आल्या. १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून परवानगी मिळाली. तोवर मधुमेहींचं इन्सुलिन कत्तलखान्यातल्या डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडातून यायचं. आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये पिकिया यीस्टमध्ये बनवलेली हिपॅटायटिस बी ची लस आणली आणि परदेशी लशीच्या मानाने ती कितीतरी स्वस्त दिली. मुंबईच्या वोक्हार्टने २००३ मध्ये यीस्टपासूनच इन्सुलिन बाजारात आणलं.

अनेक पाठ्यपुस्तकांत आनंद चक्रवर्तींचा तेल खाणारा स्यूडोमोनास या कापण्या-जोडण्याच्या, म्हणजे पुनर्संयोजित डीएनए, तंत्राचं उदाहरण म्हणून छापतात. ते चूक आहे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करताना चक्रवर्तींनी निरनिराळ्या जिवाणूंतले तेल पचवणारे प्लास्मिड नैसर्गिक संयोगाने एका पेशीत आणले. त्यात डीएनए कापणं-जोडणं नव्हतं. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी या जिवाणूला पेटंट देण्याजोगं ठरवलं. त्या निकालाने साऱ्या जैवतंत्रज्ञान उद्योगाचं रूप पालटलं. तो जिवाणू मात्र समुद्रात कधी सोडला गेला नाही.

नव्या तंत्राबरोबर नव्या अडचणीही येतात, आणि त्या पुस्तकांत दोन ओळींत उरकलेल्या असतात. प्लास्मिड वाहणं हे पेशीवर ओझं आहे. शंभर मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ते जाणवत नाही. हजारो लिटरच्या टाकीत, पिढ्यामागून पिढ्या वाढताना, ज्या पेशीतून प्लास्मिड गळून पडलं ती हलकी होऊन जोमाने वाढते, आणि बघता बघता टाकीभर फुकट खाणाऱ्यांची गर्दी होते. प्लास्मिड टिकवायला प्रतिजैविक घालावं, तर ते औषधात उतरण्याची भीती. म्हणून औद्योगिक वाणात नवं जनुक शक्यतो गुणसूत्रातच बसवतात. कोलायमध्ये परकं प्रथिन भरमसाट बनवलं तर त्याचे घट्ट, निरुपयोगी गोळे होतात, आणि ते सोडवून नीट घडी घालण्यात निम्मा खर्च जाऊ शकतो. जनुक घातलं की काम झालं असं मानणाऱ्या विद्यार्थ्याने ही प्रकरणं अवश्य वाचावीत.

जुनं तंत्र आणि नवं तंत्र अशी यांची जोडी लावून एकाला मोडीत काढायची घाई करू नये. २००८ मध्ये पेनिसिलियमचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. जास्त उत्पादन देणाऱ्या वाणांच्या अभ्यासातून दिसलं आहे की पेनिसिलिन बनवणारी तीन जनुकं ज्या तुकड्यावर शेजारी शेजारी आहेत, तो तुकडाच त्या वाणांत अनेकदा दुणावलेला आहे. काहींमध्ये त्याच्या डझनावारी प्रती आहेत. कुणी तसं ठरवलं नव्हतं. वाढत्या उत्पादनाची निवड होत गेली, आणि त्या दबावाखाली ज्या पेशींत प्रती वाढल्या त्याच पुढे नेल्या गेल्या. याउलट, एलाय लिली कंपनीच्या संशोधकांनी १९८९ मध्ये सेफॅलोस्पोरिन बनवणाऱ्या बुरशीत मार्ग नेमका कुठे तुंबतो हे ओळखलं, त्या पायरीच्या जनुकाची एकच जादा प्रत घातली आणि उत्पादन सुमारे १५ टक्क्यांनी वाढवलं. एकाने आंधळेपणाने जे साधलं तेच दुसऱ्याने जाणूनबुजून केलं. पण तुंबलेली जागा माहीत होती म्हणूनच हे जमलं, आणि ती माहिती अनेक वर्षांच्या उत्परिवर्तकांच्या अभ्यासातून आलेली होती.

दोन्ही वाटा कुठे मिळतात याचा सर्वांत बोलका पुरावा पुन्हा लायसिनच्या जिवाणूकडेच आहे. अनेक दशकांच्या माऱ्यांनी औद्योगिक वाण भरपूर लायसिन देत होतं, पण रोगट झालं होतं. हव्या बदलांबरोबर नको असलेले असंख्य बदल त्याच्या डीएनएत शिरले होते: वाढ मंद, साखर ओढण्याची ताकद कमी. २००२ मध्ये क्योवा हाक्कोच्या संशोधकांनी त्या वाणाचा जनुकसंच मूळ जंगली वाणाशी ताडून पाहिला, उपयोगी वाटलेले तीनच बदल निवडले आणि ते पुनर्संयोजन तंत्राने जंगली वाणात जसेच्या तसे घातले. नवं वाण तरतरीत राहिलं आणि २७ तासांत लिटरला ८० ग्रॅम लायसिन देऊ लागलं. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या चांगली कणसं बियाण्याला ठेवतो, तशी केलेली निवड हीच इथे ज्ञानाची साठवण ठरली. नव्या तंत्राने ती वाचली आणि स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिली.

सुरक्षिततेबद्दल एक मुद्दा मला स्पष्ट मांडायचा आहे. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमार इथे शास्त्रज्ञांनी स्वतःहून एकत्र येऊन पुनर्संयोजनाच्या प्रयोगांना मर्यादा घालून घेतल्या. विज्ञानाच्या इतिहासात असं विरळाच घडतं. आपल्याकडे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ चे नियम आले. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपासून केंद्रीय समितीपर्यंत परवानगीची साखळी त्यातूनच उभी राहिली. ती आवश्यक आहे, आणि तिच्याकडे केवळ कागदी अडथळा म्हणून पाहणारा संशोधक मला मान्य नाही. मात्र जनुकीय बदल म्हटलं की फक्त पुनर्संयोजनाचं भय वाटावं आणि रासायनिक उत्परिवर्तनाचं वाटू नये, हेही शास्त्राला धरून नाही. युरोपच्या कायद्याने जुन्या उत्परिवर्तन पद्धतींना नियमांतून वगळलं आहे, वास्तविक एका माऱ्यात डीएनएच्या कितीतरी अज्ञात जागा बदलतात. विचारायचा प्रश्न हा की तयार झालेला जीव काय करतो, काय सोडतो, टाकीबाहेर जगू शकतो का. आणि ज्या विद्यार्थ्याने उत्परिवर्तनासाठी नायट्रोसोग्वानिडीनसारखं कर्करोगकारक रसायन हाताळायचं, त्याच्या हातमोज्यांची आणि हूडची काळजी सर्वांत आधी.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचं कारण नाही. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशातलं पेनिसिलिन तिथे बनू लागलं. तिथल्याच संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी बुरशीरोगांवरचं हॅमायसिन शोधलं. ते देणाऱ्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना. पिंपरीचं नाव अशा रीतीने जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात नोंदलं गेलं आहे. पुण्यातच, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह १९५१ पासून चालू आहे.

या संग्रहापाशी आल्यावर प्राध्यापकांना एक विनंती करून थांबते. आपल्या महाविद्यालयांत दर वर्षी विद्यार्थी साखर कारखान्यांच्या मळीतून, कोकणातल्या खाजणांतून, दह्या-ताकातून, खतांच्या खड्ड्यांतून शेकडो जिवाणू आणि बुरश्या वेगळ्या करतात, त्यांच्यावर उत्परिवर्तनाचे प्रयोग करतात, प्रकल्पाचा अहवाल बांधतात. विद्यार्थी पास होऊन जातो. स्लँट फ्रिजमध्ये वाळतात आणि पुढच्या वर्षी धुऊन टाकले जातात. कृपा करून तसं होऊ देऊ नका. चांगली वाणं थंड-शुष्क करून कुपीत ठेवा, नमुना कुठून आणला, कोणता मारा केला, किती उरले, कोणत्या चाळणीतून काढले हे सगळं नोंदवहीत लिहा, आणि त्यांतली सर्वोत्तम वाणं राष्ट्रीय संग्रहाकडे जमा करा.